ड्यूकच्या नाकावरचं संत्रं

"बाराची घंटा व्हायच्या आत गुन्हेगार माझ्यासमोर उभा कर! नाहीतर तू तळघरात, आणि कार्निव्हल कायमचा बंद!"

मोंतेफावा गावचा ड्यूक ओनोफ्रिओ भर चौकात गरजला आणि गास्पारे मोच्यानं कपाळाला हात लावला. ड्यूक म्हणजे तिथला राजाच. हट्टी तर असा, की त्यानं उन्हाळ्याला हिवाळा म्हटलं तर दरबाऱ्यांनी शेकोटी पेटवायची!

भानगड गेल्या वर्षीची. इटलीतल्या या गावात कार्निव्हल म्हणजे तीन दिवसांचा उलटा कारभार. आपला शिमगाच म्हणा, फक्त रंगाऐवजी संत्री! सगळं गाव पांढरे मुखवटे चढवतं आणि एकमेकांवर संत्री फेकतं. मुखवट्यामागे कोण, हे कुणी कुणाला विचारायचं नाही. चिठ्ठी काढून एका कष्टकऱ्याला ड्यूक करतात, गावाच्या किल्ल्या त्याच्या हाती. खरा ड्यूक ॲप्रन बांधून चौकात घेवड्याची आमटी वाढतो. राजवाड्याच्या दारावर ड्यूकच्या पणजोबांनी कोरूनच ठेवलंय : 'त्या तीन दिवसांतही ड्यूक मीच, असं जो ड्यूक म्हणेल, त्याला गावानं माणशी एक संत्रं मारावं.'

गेल्या वर्षी चिठ्ठी निघाली गास्पारेची. तो खुर्चीत ऐटीत बसलेला, ड्यूक आमटी वाढतोय, आणि सप्पकन् एक संत्रं आलं ते थेट ड्यूकच्या नाकावर! पळी आमटीत, ड्यूक चिखलात! नाक आठ दिवस भोपळी मिरचीएवढं होतं. राग मात्र वर्षभर लोणच्यासारखा मुरला.

"पण सरकार, दोन हजार मुखवटे! त्यातला एक मी कुठून शोधू?" गास्पारे रडकुंडीला आला.

"ते मला सांगू नकोस! त्या दिवशी ड्यूक तू होतास. राज्य तुझं, जबाबदारीही तुझी!"

पावणेबारा झाले. बाराच्या घंटेला यंदाचा कार्निव्हल सुरू व्हायचा. संत्र्यांच्या टोपल्या मांडलेल्या, पण गाव चिडीचूप. बिचाऱ्या गास्पारेची सगळ्यांनाच दया येत होती. तेवढ्यात त्याची लेक नुन्झिया हातात आरी घेऊनच गर्दीतून पुढे आली. बापाबरोबर जोडे शिवणारी पोरगी, जीभ आरीहून तेज!

"सरकार, गुन्हा काय घडला ते एकदा नीट सांगा की!"

"ड्यूकला संत्रं मारलं!"

"ड्यूक तर माझे बाबा होते. आत्ताच म्हणालात! बाबा, तुम्हाला लागलं का हो?"

"छे गं! शिंतोडासुद्धा नाही!"

"ऐकलंत सरकार? ड्यूक ठणठणीत!"

"अगं, नाक माझं सुजलं!"

"तुम्ही त्या दिवशी कोण होतात?"

ड्यूक पुटपुटला, "आ... आमटीवाला."

"मग कार्निव्हलात आमटीवाल्याला संत्रं लागलं, यात नवल ते काय? आमच्या गल्लीत पाळण्यातल्या बाळालाही लागतं!"

लोक फिदीफिदी हसले. ड्यूकच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "ते काही नाही! त्या दिवशीही ड्यूक मीच हो..."

हसणं थांबलं. दोन हजार हात हळूच टोपल्यांकडे गेले.

"पुरं करा ना वाक्य!" नुन्झियानं राजवाड्याच्या दाराकडे बोट दाखवलं. "पणजोबा वाट बघताहेत. माणशी एक!"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! ड्यूकनं टोपल्या पाहिल्या. नाक चाचपलं.

"आमटीवाला होतो!" तो घाईघाईनं ओरडला. "साधा, गरीब आमटीवाला!"

आणि स्वतःच्या तोंडून हे ऐकून त्याला असं हसू फुटलं की मुकुट घरंगळत गास्पारेच्या पायाशी गेला. गास्पारेनं लेकीला मिठीच मारली.

"यंदा चिठ्ठी नको! किल्ल्या या पोरीलाच!" डोळे पुसत ड्यूक म्हणाला. "आणि ज्यानं मारलं त्यालाही माफ! असा नेम माझ्या एकाही शिपायाचा नाही. कोण गं तो?"

"मुखवट्यामागचं विचारायचं नसतं, सरकार!"

"बरं बाई! मग बक्षीस तरी माग!"

"तुमच्या बागेतली गाडीभर संत्री द्या."

"गाडीभर? एवढी कशाला?"

किल्ल्या कमरेला खोचत नुन्झिया म्हणाली, "गेल्या वर्षी माझ्याकडे एकच उरलं होतं!"

बाराची घंटा झाली. हसता हसता ड्यूकनं ॲप्रन बांधला, गाडी मागवली आणि आमटीच्या पातेल्याचं झाकण नाकासमोर धरलं!