गोजराबाईचा माग

फार वर्षांपूर्वी धामणपेठेत ना ठाणं होतं, ना फौजदार. सगळ्या पेठेची राखण एकटा जागल्या करायचा. कुठे चोरी झाली की त्याने पावलांचा माग काढायचा, माग शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावच्या जागल्याच्या हवाली करायचा आणि मोकळं व्हायचं. मग त्या गावाने एक तर माग आपल्याही शिवेबाहेर काढून दाखवायचा, नाही तर चोरी भरून द्यायची. आणि माग ज्या दारात थांबेल, त्या घराने मागामागे आलेल्या सगळ्यांना आधी जेवू घालायचं, कज्जा नंतर. जुन्या लोकांचं बरंच काही चुकायचं, पण उपाशीपोटी न्याय करू नये हे त्यांना नक्की ठाऊक होतं.

धामणपेठेचा जागल्या हैबती झाडावरून पडून पायाने अधू झाला, तेव्हा त्याची काठी त्याच्या बायकोने, गोजराबाईने उचलली. खडकावरून मुंगी गेली तरी ती कोणत्या पायाने लंगडत होती हे गोजराबाई सांगायची, असं म्हणतात. मुंगीला कोणी विचारलं नाही, तेव्हा आपणही मान्य करून टाकावं. पण नजरेपेक्षा बाईची जीभ धारदार, आणि तिथेच तिचं गुणाजी पाटलाशी बिनसलं. पाटलाला ती काठी आपल्या मेहुण्याला द्यायची होती. हा मेहुणा असा की, समोर बैल आहे की म्हैस हे भरदुपारी दुसऱ्याला विचारायचा.

त्या वर्षी वाघजाईच्या भंडाऱ्याचं जेवण पाटलाच्या घराकडे होतं. पाटील म्हणजे एक नंबरचा चिकट. पाहुणा दारात दिसला की हा आधी विचारायचा, "मग, निघणार कधी?" आणि नेमकी भंडाऱ्याच्या आदल्या सकाळी देवळातली तांब्याची कढई गायब झाली. तिच्यात अख्खी म्हैस बसायची, असं म्हणतात.

पाटील देवळासमोर कडाडला, "कढई न्हाई तर भंडारा न्हाई! आन् गोजरे, दिस बुडायच्या आत कढई आली न्हाई, तर काठी खाली ठिवायची आन् नवऱ्याला घिऊन गाव सोडायचा!"

पंचांनी माना डोलावल्या. सगळे पाटलाच्याच पंक्तीतले. अधू नवऱ्याला घेऊन गोजराबाई जाणार कुठे?

ती देवळामागे गेली. ओल्या मातीत एक पाऊल उठलं होतं, आणि त्याच्या टाचेला नाल होता. नाल ठोकलेलं पायताण साऱ्या पेठेत एकाच माणसाच्या पायात होतं. पाऊल देवळापासून सरळ पाटलाच्या गोठ्याकडे गेलेलं. एवढी कढई एकट्याने कशी नेली असेल, असं कोणी विचारू नये. खर्च वाचवायचा म्हटला की कंजूष माणसाच्या अंगात हत्तीचं बळ येतं.

आता बोलावं, तर पंच तिलाच वेड्यात काढणार. गोजराबाईने घटकाभर विचार केला. मग तिने रिवाजाप्रमाणे पावलावर टोपली पालथी घातली आणि शेजारी हैबतीला बसवलं. "कुणाला हात लावू द्याचा न्हाई. पाटलालाबी न्हाई," ती म्हणाली. आणि गोठ्याकडे पाठ करून ती नेमकी उलट्या दिशेला निघाली.

"माग ह्यो असा गेलाय! चला पाटील, माग हवाली करताना गावचा पाटील लागतो."

पाटील चक्रावला. तिकडे माग नाही हे त्याच्याइतकं पक्कं कोणाला ठाऊक असणार? पण सांगतो कोणत्या तोंडाने?

शिवेवर गोजराबाईने कोरड्या ठणठणीत दगडावर काठी टेकली. "पाटील, पाऊल दिसतंय न्हवं?"

पाटलाने घाम पुसला. "दिसतंय."

पलीकडच्या गावचा जागल्या धावत आला. त्याला दगडावर दगडच दिसत होता. पण दोन माणसांना दिसलेला माग आपल्याला दिसत नाही म्हणावं, तर तो आपल्याच गावात मुरला असा अर्थ होणार आणि कढई आपल्या गळ्यात पडणार. म्हणून त्याने डोळे बारीक केले आणि म्हणाला, "आरं तिच्या! पळत पळत गेलाय की! ह्यो बघा, आमच्या शिवेभायेर!" आणि त्याने गावातली माणसं साक्षीला घेऊन माग घाईघाईने पुढच्या गावात नेऊन टाकला.

पुढे तेच. एका जागल्याला चोराच्या पायाला सहा बोटं दिसली. दुसऱ्याला चोर मधेच विडी ओढायला बसलेला दिसला. एकाने तर माग विहिरीत उतरवून पलीकडून वर काढला, असं म्हणतात. माग कोणालाच नको होता, त्यामुळे तो सगळ्यांना दिसत होता. गावं किती झाली? कोणी सात सांगतात, कोणी बारा. प्रत्येक गावाची माणसं मागे लागत गेली, आणि पाटील सगळ्यांच्या पुढे, ऊन डोक्यावर घेऊन, "दिसतंय, दिसतंय" म्हणत फरफटत होता.

असा पेठेभोवती वळसा पुरा झाला, आणि शेवटच्या गावाला माग टाकायला एकच शीव उरली, ती धामणपेठेची. तिथे गोजराबाईने तो मुकाट्याने परत घेतला. सूर्य टेकायला आला होता. ती सरळ चालत गेली आणि पाटलाच्या दारात काठी रोवून उभी राहिली.

"माग हितं थांबला."

वेशीपर्यंत माणूसच माणूस, आणि एकाच्याही पोटात सकाळपासून अन्न नाही. एवढ्या गावांनी पाहिलेल्या मागाला पंच तरी खोटं कसं म्हणणार? गोजराबाई पाटलाच्या जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "टोपलीखालचं पाऊल नालाचं हाय. ह्या समद्यांना दावू, का पुसू?"

पाटील पुटपुटला, "पूस, माझे बाई."

"मग चूल पेटवा."

"अगं, एवढ्या लोकांचं शिजवू कशात?"

गोजराबाईने नुसतं गोठ्याकडे पाहिलं. शेवटी पाटलाने मान खाली घातली आणि गड्याला सांगितलं, "गोठ्यातला कडबा बाजूला कर."

कढई बाहेर आली तेव्हा जो हशा उठला, त्याने झाडावरचे बगळे उडाले. चोराचं नाव गोजराबाईने शेवटपर्यंत घेतलं नाही. घ्यायची गरजच उरली नव्हती. एका गावाचं जेवण वाचवायला गेलेल्या पाटलाने त्या दिवशी पंचक्रोशी जेवू घातली. कढई रिकामी होईना, ही वाघजाईचीच कृपा, असं म्हणतात. पाटलीणबाई म्हणाल्या, कृपा नाही, आमचं वर्षाचं धान्य होतं ते. आणि काठी गोजराबाईच्या घरातच राहिली.

आता धामणपेठेत पक्कं ठाणं आहे, फौजदार आहेत. तरी भंडाऱ्याच्या आदल्या दिवशी पेठेतली एक म्हातारी काठी घेऊन निघते आणि सगळा गाव तिच्या मागे चालतो. याला गोजराबाईचा माग म्हणतात. म्हातारी ज्या दारात थांबेल त्या घराने सगळ्यांना जेवू घालायचं, आणि का थांबलीस असं तिला विचारायचं नाही. म्हणून त्या आठवड्यात पेठेत नवल घडतं. नेलेले दोर परत येतात, सरकवलेले बांध जागेवर जातात, शेजारणीची परात आपणहून घरी पोचते. वर्षभरात मिटत नाहीत तेवढ्या तक्रारी चार दिवसांत मिटतात, असं ठाण्यातले लोकच सांगतात.

गेल्या खेपेला म्हातारी सगळी पेठ फिरली आणि ठाण्याच्या पायरीशी येऊन थांबली. फौजदारांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आपल्या हवालदारांकडे पाहिलं, आणि काही न विचारता तांदूळ आणायला माणूस धाडला.