जननीच्या राईचं सुवेर

फार वर्षांपूर्वी, घाट चढायला बैलांनाही वाट नव्हती तेव्हा, माथ्यावरच्या करंजघोल गावात ठमाई नावाची एक सुईण होती. गावातलं प्रत्येक माणूस आधी तिच्या हातात आलं, मग आईच्या कुशीत. असं म्हणतात की तिनं पोटावर नुसता तळवा ठेवला तरी आडवं आलेलं बाळ सरळ व्हायचं. गावात बाळंतपण झालं की सुवेर, म्हणजे जन्माचं सोयर, लागे. ते लागलं हे ठमाईनं सांगायचं आणि फिटलं हेही तिनंच. ती 'फिटलं' म्हणेपर्यंत बाळंतिणीच्या खोलीत पाटलाचंही पाऊल पडत नसे.

गावाच्या वरच्या अंगाला जननी देवीची राई होती. भर दुपारी शिरलं तरी आत संध्याकाळ. उंचावर बेहडे आणि हिरडे, त्यांच्या काखेत जांभळी आणि अंजनी, त्यांच्याखाली कारवी, कारवीखाली नेचे, आणि सगळ्यांच्या पायाशी पडलेली खोडं, पाचोळा, किडामुंगी. मांडीएवढाले गारंबीचे वेल या झाडावरून त्या झाडावर गेलेले. राईच्या पायथ्याला कातळातून एक झरा निघायचा. गावाला दुसरं पाणी नव्हतं. जन्मलेल्या लेकराची पहिली आंघोळही त्याच पाण्याची.

एका पौषात ठमाई घाट उतरून माहेरी गेली. तिच्या दोन भाच्या एकदमच अवघडल्या होत्या. ती तिकडे असताना इकडे हैबती पाटलाच्या मनात एक विचार आला. विचार वाईट नव्हता, हेच त्यातलं सगळ्यात वाईट. चैत्रात जननीची जत्रा. चावडीवर हैबती म्हणाला, "आपल्या दारात काडी पडली तर घरधनिणीला बोलतो आपण. आन् आईच्या दारात गुडघाभर पाचोळा?"

लोकांना लाज वाटली. लाज वाटली की माणूस विचार करत नाही, कामाला लागतो.

पुढं जे घडलं त्याला कुणी देवीचा कोप म्हणतात, कुणी दृष्ट लागली म्हणतात. कोपबीप काही नव्हता. कोयते होते, कुऱ्हाडी होत्या, केरसुण्या होत्या, आणि धरणारे हात गावाचेच होते. राईतलं झाड तोडायचं नाही, हा नियम आपण पाळतोय अशी त्यांची खात्री होती. सरळ, उंच, भरल्या अंगाच्या एकाही झाडाला त्यांनी हात लावला नाही. फक्त वाकडी काढली. वाळकी काढली. पोकळ काढली. वेल तोडले, कारवी कापली, रोपटी गवताबरोबर उपटली, पडलेली खोडं ओढून नेली. त्या वर्षीची होळी सात दिवस धुमसत होती. मग बायकांनी शेणाची घमेली डोक्यावर घेतली आणि राई सारवली. होय, सारवली. झाडाझाडाच्या बुंध्याशी रांगोळी घातली.

फाल्गुन संपता संपता ठमाई घाट चढून आली. हैबती तिला वेशीवरूनच घेऊन गेला. त्याला कौतुक हवं होतं.

"आत्ती, बघ की. हिथनं पार पल्याडचा बांध दिसतोय."

"दिसतोय," ठमाई म्हणाली. तिचं बोचकं हातातून सुटून सारवणावर पडलं, ते तिला कळलंही नाही. तिनं असली घरं पाहिली होती. ज्यांतून सगळी भांडीकुंडी, सगळी माणसं गेलेली असतात आणि नुसते खांब उरतात, अशी.

"रांगती कुठं हायत?" तिनं विचारलं.

"कोण रांगती?"

"पोरं, हैबती. झाडांची पोरं. आन् म्हातारी कुठं गेली?"

"वाळून कोळ झालेली ती. पोकळ नुसती. काढली."

"पोकळ कशी असंल? आत बाई होती."

हैबती हसणार होता, तेवढ्यात डोक्यावरून फडफडाट गेला. मोठ्या पिवळ्या चोचीचा धनेश आला, जिथं जुना बेहडा होता त्या रिकाम्या हवेत थबकला आणि वळला. पुन्हा आला, पुन्हा वळला. धनेशाची मादी अंडी घालायच्या वेळी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते, आतून दार लिंपून घेते आणि बोटभर फट ठेवते. पिल्लं मोठी होईपर्यंत नर त्या फटीतून तिला फळं भरवतो. या नराच्या चोचीत पिकलं उंबर होतं आणि ते द्यायला दार नव्हतं. असं म्हणतात की तो अकरा दिवस फिरला आणि अकरा दिवस ते उंबर त्यानं ना गिळलं, ना टाकलं.

"बाळंतिणीला खोलीसकट होळीत घातलंस," ठमाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर हैबतीला बरं वाटलं असतं. "म्हातारी जाळलीस, लेकरं उपटलीस, आन् नुसते बाप्ये उभे ठेवलेस. असलं गाव म्या एकदा बघितलंय. पटकी येऊन गेली हुती तिथं."

जत्रा थाटात झाली. पाहुण्यांनी राईची वाखाणणी केली. वैशाखात सारवणाचे पोपडे निघाले आणि खालची माती भेगाळली. झरा आधी मनगटाएवढा होता, तो करंगळीएवढा झाला, मग सुताएवढा, मग नुसता ओला दगड. ज्येष्ठात हैबतीची सून बाळंत झाली. ठमाईनं त्या दगडावर फडकं दाबून दाबून भिजवलं आणि त्यानं बाळाला पुसलं. पाटलाच्या नातवाची पहिली आंघोळ ती. हैबती दाराबाहेर उभा होता.

आषाढात एका दुपारी वारा उठला. पूर्वी तो राईच्या काठावर कारवीत आणि वेलांत अडखळायचा, दमायचा, मग आत यायचा. आता दार नसलेल्या घरात शिरावा तसा शिरला. ती सरळ, उंच, भरल्या अंगाची झाडं एकामागून एक आडवी झाली. त्यांना टेकायला कुणी उरलं नव्हतं, वेलांनी बांधून धरलं नव्हतं. उघडी माती पाण्याबरोबर खाली आली आणि झऱ्याच्या तोंडावर बसली.

दुसऱ्या दिवशी हैबती दोरखंड आणि करवती घेऊन माणसं जमवून आला. झाला प्रकार पाहून त्याला एकच सुचत होतं. आवरायचं. तो पाहतो तर सगळ्यात मोठ्या पडलेल्या बेहड्यावर ठमाई बसलेली, डोक्यावर इरलं.

"सुवेर लागलंय," ती म्हणाली. "शिवू नका."

"झाडाला?"

"आडवी झालीया ती. बाई कशापायी आडवी होती, तुझ्या आयशीला इचारलं असतंस."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. एक जण म्हणाला, "आन् बाप कोण म्हणं?"

"बारशाला ये. तोंडावळा बघून वळख."

माणसं हसली, पण करवती खाली ठेवल्या. सुईणीनं सुवेर लागलं म्हटलं की लागलं. ते मोडायची छाती त्या गावात कुणाची नव्हती.

ठमाई बारा दिवस पावसात त्या खोडावर बसून राहिली. पाचव्या दिवशी बायकांनी पाटा-वरवंटा आणून खोडापाशी मांडला, सटवाई पुजली, दिवा लावला. असं म्हणतात की तो दिवा पावसातही विझला नाही. बाराव्या दिवशी हैबती एकटाच आला. फुटलेल्या सालीला शेवाळ चढलं होतं, कुजक्या जागी अळंबी उठली होती, वाळवीची ये-जा चालू होती. आणि त्या सगळ्यांतून, डोक्यापासून पायापर्यंत, दोन-दोन पानांची रोपं वर आली होती. इतकी, की खोड दिसत नव्हतं.

"नाव ठेव," ठमाई म्हणाली.

हैबती खाली बसला. त्यानं विचारलं, "सुवेर फिटलं का आत्ती?"

"न्हाई."

"कधी फिटंल?"

"ही पोरं मोठी हुतील, म्हातारी हुतील, पोकळ हुतील. त्यांच्यात कुणी बाई जाऊन दार लिंपून बसंल. मग इचार."

"तवर तू बी नसशील आन् म्या बी न्हाई."

"तुझी नाळ म्या कापली," ठमाई म्हणाली. "ह्या पोरांची न्हाई कापणार."

त्यानंतर हैबती जगला तोवर आसपासच्या रानातून डोक्यावर पाटीनं पाचोळा आणून राईत टाकत राहिला. ज्या हातांनी केर काढला, त्याच हातांनी. गावातल्या बायकांनी अठरा वर्षं दोन कोसांवरून पाणी वाहिलं. हे मात्र कुणी 'असं म्हणतात' म्हणून सांगत नाही. त्यांच्या लेकी-सुनांनी डोक्यांवरचे घट्टे पाहिले होते. अठराव्या वर्षी झरा सुटला आणि हैबतीच्या नातवाची हळदीची आंघोळ त्या पाण्यानं झाली.

ठमाईचं काय झालं, कुणी पाहिलं नाही. एका माघात ती काठी टेकत राईत गेली, ती परतली नाही. असं म्हणतात की त्या वर्षी एक धनेश अशा ढोलीशी उंबर घेऊन जाताना दिसे, जिथं कुठलीच मादी शिरली नव्हती.

करंजघोलात आजही राईत झाड पडलं की गावातली सगळ्यात जुनी बाई वर जाते आणि मोठ्यानं सांगते, सुवेर लागलं. पाचवीला दिवा लागतो. चैत्राच्या जत्रेआधी घरोघरचा पाचोळा पाट्यांतून राईत जातो. पडलेली काटकीही कुणी उचलत नाही.

मधूनमधून कुणी साहेब येतो. राई फार अस्ताव्यस्त झालीये, म्हणतो. वाळकी झाडं काढू, पायवाटेला फरशी घालू, बाकडी ठेवू. ती जुनी बाई त्याचं सगळं ऐकून घेते, त्याला झऱ्याचं पाणी देते, आणि म्हणते,

"करा की सायेब. पर आत्ता सुवेर हाय. फिटलं की कळवतो."