नव्या चाकांची गाडी

“पण बुवा, दिवाळीत हो म्हणालेली बाई आत्ता नाही का म्हणते?”

उदय इंगवले तिसऱ्यांदा तेच विचारत होता. इचलकरंजीचा माणूस, यंत्रमागाचे दोन कारखाने, आणि मागांच्या खडखडाटावर आवाज चढवायची जन्माची सवय. आमच्या टेकडीवरच्या एवढ्याशा मठात तो बोलायला लागला की पाखरं उडून जातात.

निरंजनबुवा वालाच्या वेलाला बांबूच्या कामट्या लावत होते. मी सुतळी तोडून देत होतो.

“कोण नाही म्हणतं?” बुवांनी वर न बघताच विचारलं.

“आई हो! दुसरं कोण? जन्मात एकदा बर्फ बघायचा म्हणून तिनंच धोशा लावला होता. तिच्यासाठी ही व्हॅन घेतली. आत पलंग, शेगडी, बेसिन, सगळं करून घेतलं. दिवाळीत तिनं स्वतः आत जाऊन चहाची गाळणी अडकवली. आणि आता निघायला दोन दिवस राहिले, तर म्हणते, तू जाऊन ये, मला फोटो दाखव!”

बोलता बोलता तो तिथंच मातीत मटकन बसला. खरं सांगतो, तोवर मला त्याचा रागच येत होता. तिथं जरा कमी झाला.

“तुमचं ऐकते ती. तुम्ही सांगा तिला.”

“दिवाळीनंतर काय झालं?”

“काहीच नाही. भांडण नाही, तंटा नाही. उलट गाडी आणखी भारी केली मी. चला, दाखवतोच.”

व्हॅन फाटकाशी उभी होती. चाकं बघून मी आ वासला. ट्रॅक्टरची पोरं शोभली असती.

“आधीची चाकं म्हणजे खेळणी होती,” उदय म्हणाला. “आता रिम नवी, टायर नवे. दगडधोंडे असोत की चिखल, कुठं अडायचं नाव नाही. मोठे टायर आत घासायला लागले, म्हणून बॉडीसुद्धा उचलून घेतली. तुमची ही टेकडी आज पहिल्यांदा न थांबता चढलो.”

बुवा चाकापाशी उकिडवे बसले. टायरच्या खाचेत एक खडा अडकला होता. तो त्यांनी बोटानं उकरून काढला. मग दुसरा काढला. मग तिसरा. चांगलेच रमले.

“किती उंच झाली रे?”

“सहा बोटं,” उदय छाती काढून म्हणाला.

“आई काय म्हणाली बघून?”

“छान आहे म्हणाली. भोवतीनं एक फेरी मारली. आत चल म्हटलं, तर म्हणाली, नको, गॅसवर दूध आहे.”

बुवांनी हातातला खडा टाकून दिला.

“दुखलंखुपलं सांगते का ती कधी?”

“आई? छे! नाव काढू नका. बाबा गेले तेव्हा आठ माग तिनं एकटीनं चालवले. कुणाची मदत म्हणून घेतली नाही.”

“उभा राहा नीट,” बुवा म्हणाले.

त्यांनी मला दोन कामट्या आणायला सांगितल्या. एकेक कामटी उदयच्या एकेका पायामागं लावली, मांडीपासून पोटरीपर्यंत, आणि माझ्या हातातली सुतळी घेऊन गच्च आवळली. गुडघा वाकेना.

“अहो बुवा, हे काय चाललंय?”

“काही नाही. गाडीत चढ.”

उदय हसला. मलाही हसू आवरेना. बदकासारखा डुलत डुलत तो दारापर्यंत गेला. पाय उचलला, तर तो काही वर पोचेना. आडवा होऊन बघितलं. पाठमोरा होऊन बसायला गेला, तर सरकून खाली आला. दाराच्या चौकटीला धरून जोर केला आणि हनुवटी आपटून घेतली.

आता हसणं बंद झालं. शर्ट घामानं भिजला.

तो दाराला टेकून उभा राहिला. आधी आपल्या गुडघ्यांकडं बघितलं, मग गाडीच्या तळाकडं…

“बुवा,” तो म्हणाला. आवाज इतका खाली आला की मला पुढं सरकावं लागलं. “त्या दिवशी गॅसवर दूध नव्हतंच.”

बुवा उरलेली सुतळी गुंडाळायला लागले.

“मी एकदासुद्धा विचारलं नाही तिला. मेकॅनिकला विचारलं, इंटरनेटवर बघितलं, तिला सोडून सगळ्यांना विचारलं.” त्यानं डोळे पुसले. पण माणूस तो, गप्प कसा राहील? “उद्याच पायरी बसवून घेतो. बटण दाबलं की खाली येणारी मिळते आता. किंवा तिला मीच धरून चढवतो. त्यात काय एवढं? तिनं नुसतं सांगायचं होतं ना! आपल्या पोरापाशी कसला आलाय संकोच?”

“चढ,” बुवा म्हणाले.

“अजून?”

“चढ.”

त्यानं पुन्हा जोर केला. पाय घसरला. पुन्हा केला. कान लाल झाले. माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर फिरवली. तसाच कितीतरी वेळ चौकटीला लोंबकळत राहिला…

शेवटी खाली बघतच त्यानं एक हात मागं केला.

“हात द्या ना, बुवा.”

बुवांनी लगेच दिला. हातात हात तसाच ठेवून त्यांनी विचारलं,

“मागायला किती वेळ लागला रे?”