महाराजांचा तांब्या

कोरवली संस्थानच्या महाराजांना स्फटिकांचा भारी नाद. टाकेवाडीत गावची विहीर खणताना सुरुंग उडाला, खडकात पोकळी उघडली आणि आत पाण्यासारखे स्वच्छ स्फटिक लखलखले. महाराजांनी तडक हुकूम सोडला, “एकाचाही टवका उडता कामा नये. काम बंद!” विहिरीवर पहारा बसला. बायाबापड्या पुन्हा हंडे घेऊन डोंगरापल्याडच्या झऱ्यावर जाऊ लागल्या.

गावच्या सगुणा पाटलीणबाई दरबारात गाऱ्हाणं घेऊन गेल्या.

“बाई, पाणी काय, कुठंही मिळतं,” महाराज म्हणाले. “असे स्फटिक जगात मिळायचे नाहीत.”

पाटलीणबाईंनी मान डोलावली आणि त्या परत आल्या.

चैत्राच्या उन्हात महाराज स्वतः दिवाणजींना घेऊन स्फटिक बघायला आले. दुपारभर विहिरीच्या काठावर उभं राहून त्यांच्या घशाला कोरड पडली. पाटलीणबाईंनी रीतीप्रमाणे हातावर गूळ ठेवला, मग तांब्या दिला. महाराजांनी अधीरपणे तो तोंडाशी उपडा केला. खळ्ळकन आवाज झाला आणि सरकारी दातांवर दगड आपटले. सुरुंगाने वर उडालेल्या स्फटिकांनी तांब्या काठोकाठ भरलेला होता.

“हे काय? पाणी कुठाय?”

“पाणी काय, सरकार, कुठंही मिळतं,” पाटलीणबाई पदर सावरत म्हणाल्या. “म्हटलं, आपल्याला जगात मिळायचं नाही ते द्यावं.”

दिवाणजी एकाएकी आभाळ न्याहाळू लागले. महाराजांनी कोरड्या घशाने गूळ गिळला आणि पहारा उठवला.

पुढे विहिरीला पाणी लागलं. महाराज पूजेला आले, तेव्हा पाटलीणबाईंनी पुन्हा तांब्या दिला. महाराजांनी आधी आत बोट बुडवून पाहिलं.