चार बोटं बाहेर

"पण सर, माझं चुकलं कुठं?"

अच्युत रणदिवेनं पुन्हा विचारलं. वर्दे सरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि काठी टेकत ते बंगल्याच्या दर्शनी भिंतीपाशी गेले.

डोंगरावरच्या त्या गावात ट्यूडर या जुन्या इंग्रजी घाटणीचा हा एकच बंगला. उंच उतरतं छप्पर, विटांची पीळदार धुरांडी, शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या बारीक काचा आणि पांढऱ्या भिंतीवर काळ्या तुळयांची उभीआडवी चौकट. मायदेशासाठी झुरणाऱ्या कुणा गिरणीवाल्या साहेबानं तो बांधला होता.

तुळया नुसत्या शोभेच्या नव्हत्या. साऱ्या घराचा भार त्यांच्यावर होता आणि सबंध सांगाड्यात औषधालाही खिळा नव्हता. लाकडात लाकूड, आणि सांध्याला लाकडाचीच खुंटी.

अच्युतनं बंगल्याची दुरुस्ती केली तेव्हा वर्तमानपत्रात फोटो आला, सत्कार झाला. स्वारी काही दिवस हवेतच होती. मग पावसाळा सरला, लाकूड सुकलं आणि सांधे उघडे पडू लागले. वरच्या मजल्यावर पाऊल टाकलं की घर कण्हायचं. तेव्हा कुठे त्याला कॉलेजातले आपले म्हातारे गुरुजी आठवले.

सरांचा हात तुळईवरून फिरत फिरत एका जागी थांबला.

"इथली खुंटी कुठं गेली?"

"आत आहे की. तोंडं तेवढी कापून घेतली. चार-चार बोटं बाहेर आलेली, सर. जाणाऱ्या-येणाऱ्याचे कपडे अडकायचे. सगळी सपाट केली, वर काळा रंग दिला. आता शोधूनही सापडायची नाहीत."

"हं..."

सरांनी खांद्याच्या पिशवीतून लाकडी हातोडा काढला. पूर्वी दरवर्षी पावसाळा संपला की तो घेऊन सर या बंगल्याला फेरी घालायचे. म्हातारा भिंतीला मारतोय म्हणून लोक हसायचे. विद्यार्थी असताना अच्युतही हसला होता, आणि का मारता हे विचारायचं मात्र त्याला कधी सुचलं नव्हतं.

सरांनी हातोडा त्याच्या हातात दिला.

"ठोक."

"काय ठोकू?"

"सांधा सैल झालाय ना? खुंटी निमुळती असते. आत गेली की आवळते. ठोक."

अच्युतनं हात उचलला. समोर काळीभोर, गुळगुळीत तुळई. मारायला जागाच नव्हती.

हात तसाच खाली आला.

"म्हणजे ती बाहेर ठेवली होती ती..."

सरांनी निराळंच विचारलं.

"शरयू कशी आहे?"

"माहेरी आहे. दिवाळीपासून."

गेल्या उन्हाळ्यात अच्युत आणि शरयूची मुलगी ईरा गेली. सहा वर्षांची पोर, तापाचं निमित्त झालं. महिन्याभरात अच्युतनं घर आवरलं. तिचं कपाट रिकामं केलं, भिंतीवरची चित्रं उतरवली, खोलीला नवा रंग दिला. रडला नाही. आपण रडलो तर शरयूला कोण सांभाळणार, असं तो स्वतःला सांगत राहिला.

"तिनं एवढंच ठेवलं होतं, सर. ईराचे पिवळे गमबूट. अगदी दारात. येता-जाता पाय अडखळायचा... मी म्हटलं, आता उचल ते. किती दिवस असे ठेवणार?"

"उचलले?"

"उचलले. छातीशी धरले आणि तशीच निघाली. फोन केला तर म्हणते, तुझं घर नीटनेटकं झालंय ना, मग राहा त्यात."

अच्युत पायरीवर बसला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ढसाढसा रडला.

सरांनी त्याला गप्प केलं नाही. ते भिंतीच्या कोपऱ्याकडे गेले, तिथली दाट वेल त्यांनी बाजूला सारली. तिच्यामागच्या तुळईतून एक खुंटी चांगली चार बोटं बाहेर आली होती.

अच्युतनं डोळे पुसले. "ती... ती वेलीखाली राहून गेली, सर."

"ये इकडे."

त्यानं उठून हातोडा मारला. एकदा. पुन्हा. सांध्यातली फट हळूहळू मिटली. त्यानं तुळईवर तळवा टेकवला. एवढ्या मोठ्या भिंतीत तो एकच सांधा घट्ट होता.



"सर, बंगल्याचं बघू. नव्या खुंट्या करून घेईन. पण माझ्या घराचं काय करू?"

"बूट कुणाकडे आहेत?"

"शरयूकडे."

सरांनी त्याच्या हातातून हातोडा काढून घेतला आणि पिशवीत टाकला.

"मग घर तिकडे आहे, अच्युत. तू राहतोस कुठं?"