उंबऱ्याच्या आतला नळ

त्या राज्यात पाणी गोड होतं आणि पिल्लं मंद होती, आणि या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असेल असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. घरोघरी पाणी येई ते शिशाच्या नळांतून. नळ पूर्वजांनी घातलेले, त्यामुळे त्यांच्याबद्दल वावगं बोलायची सोय नव्हती.

अखेर राजवैद्याला शिशाचा संशय आला आणि राजाज्ञा निघाली. घुशींनी रस्ते उकरले, जुने नळ काढून नवे घातले, पण ते उंबऱ्यापर्यंतच. आतला हातभर तुकडा ज्याच्या त्याच्या घराण्याचा. सणासुदीला त्याला हळदकुंकू वाहत. तो कोण कशाला तोडू देईल? खोदकामात तो तुकडा मात्र चांगलाच हादरला, त्याच्या आतली शिशाची खपली सुटली आणि पाणी अधिकच गोड झालं. पिल्लं अधिकच अडखळू लागली. मग काय, नव्या नळांच्या नावाने सगळ्यांनी खडे फोडले.

साळुंकीला रागवायलाही सवड नव्हती. थंडीआधी थवा दूर निघणार होता. थव्यात चुकलेलं पिल्लू घराण्याच्या हाकेवरून सापडतं, आणि तिच्या पिल्लाला हाक येत नव्हती. सोपी, दोन सुरांची हाक. पण पहिला सूर लागला की दुसरा गळ्यात अडके. पिल्लू हरवेल या भीतीने तिचा जीव अर्धा झाला होता.

एका सकाळी तिने उंबऱ्याआतली माती उकरायला घेतली. तिचे सासरे येऊन थेट नळावरच बसले.

"आम्ही जन्मभर हेच पाणी प्यालो. आमचं काय वाकडं झालं?"

"झालं असं मी कुठे म्हणते, मामंजी? पिल्लाला हाक येत नाही, एवढंच म्हणते."

"येईल हळूहळू. आम्हाला नाही आली?"

"थवा थांबणार आहे का तोवर? तुम्ही बसा निवांत. मी तुमच्याभोवतीने उकरते."

तिने खरंच तसं केलं. मामंजी बसल्या जागी खाली खाली जाऊ लागले. शेवटी तुकडाच निखळला, तेव्हा त्यांना उठावं लागलं. घुशीने तिथे नवा नळ जोडून दिला.

नवं पाणी बेचव होतं. मामंजींनी एक घोट घेतला आणि "पाणचट" म्हणून तोंड फिरवलं. त्यांना मनापासून दुःख झालं होतं. साळुंकीला ते कळत होतं.

थंडी जवळ आली. एका संध्याकाळी पिल्लू फांदीच्या टोकाला गेलं आणि त्याने हाक घातली. पहिला सूर लागला, दुसरा लागला, आणि पाठोपाठ तिसराही लागला.

साळुंकीचे डोळे भरून आले. "पण तिसरा नसतो रे," ती म्हणाली. "दोनच."

पिल्लाने पुन्हा म्हणून पाहिलं. "तिसऱ्याशिवाय ती संपतच नाही, आई."

साळुंकीने हाक घातली. दोनच सूर आले. मग मामंजींनी घातली. दोन सूर आले, आणि तिसऱ्यासाठी ते बराच वेळ चोच उघडी ठेवून थांबले.

अंधार पडायच्या आत मामंजी शेजारच्या घरी गेले आणि उंबऱ्याआतली माती उकरू लागले.