चौथा दगड

विषय : तिघांनी मिळून कामाला निघू नये, या समजुतीच्या उगमाबाबत.

संदर्भ : आज सकाळी तीन भिक्खू विहाराच्या दाराशी चौथ्याची वाट पाहत ताटकळले व भिक्षेची वेळ टळली, त्या वेळी तथागतांनी सांगितलेली पूर्वजन्मीची कथा.

पूर्वी वेत्रनगरात राजा अरिमर्दन राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या नदीघाटावर लेखनिक होते. बोधिसत्त्व हरीण झाले, हत्ती झाले, हे सगळेच सांगतात. ते लेखनिकही झाले होते, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून ते येथे अभिमानाने नमूद केले आहे.

त्या घाटावर एक रीत होती. नावाड्यासह नावेत तिघे झाले, की चौथा म्हणून दगड ठेवायचा. दगड माणसाइतका जड लागे. हलक्या दगडाला चौथा कोण म्हणणार?

एकदा नदी दुथडी भरली असता मालुत कुंभार चंपा सुईणीला घेऊन धावत आला. पैलतीरी त्याची बायको दोन दिवस अडली होती. दोघे नावेत बसले. पिंगल नावाड्याने दगड चढवला आणि पाणी नावेच्या काठाला लागले.

"दगड उतरव," चंपा म्हणाली.

"मग तीनच उरतात, मावशी. माझा बाप तिघं बसले म्हणूनच बुडाला. या डोळ्यांनी पाहिलंय."

"या हातांनी साडेतीनशे पोरं जगात आणली, पिंगला. तू कितवा, असं एकालाही विचारलं नाही!"

बोधिसत्त्वांनी दप्तरातून एक ताडपान काढून वाचले. हुकूम पिंगलाच्या आजाच्या काळचा होता : 'घाटावरची नाव जुनी व लहान आहे. नवी येईपर्यंत तिघांनी बसू नये.' पिंगलाचा बाप त्या जुन्या नावेतच बुडाला होता. पुढे मोठी नाव आली, पण हुकूम कोणी मागे घेतला नाही. कारण गळून गेले, आकडा उरला. भार वाढू नये म्हणून केलेला नियम लोक भार वाढवून पाळू लागले.

"लेखकबुवा, तुमचं पान खरं असेल," पिंगल म्हणाला, "पण बुडालेला बाप माझा आहे."

बोधिसत्त्वांना वाद जिंकता आला असता. पुरावा हातात होता. पण पैलतीरावरच्या बाईला तेवढा वेळ नव्हता. त्यांनी पान मिटले आणि वाळूतून चिंचोक्याएवढा खडा उचलला.

"चौथा दगड केवढा असावा, हे कुठं लिहिलंय का रे?"

"लिहिलेलं तर नाही."

"मग हा घे, आणि तो धोंडा उतरव."

पिंगलाने खडा कनवटीला लावला आणि धोंडा ढकलून दिला. नाव वीतभर वर आली. दिवस मावळण्यापूर्वी पैलतीरावरून थाळीचा आवाज आला. मुलगी झाली होती; थाळी एरवी मुलगा झाला तरच वाजे. चंपाने तरीही थाळी वाजवली, आणि चांगली दणदणीत वाजवली.

गावाने सगळे श्रेय खड्याला दिले. तेव्हापासून तिघे निघाले, की लोक एक खडा जवळ बाळगतात.

कथा संपवून तथागत म्हणाले, "तेव्हाचा पिंगल म्हणजे आज दाराशी सर्वांत पुढे थांबलेला भिक्खू सोणुत्तर. चंपा म्हणजे भिक्खुणी मेत्तिका. लेखनिक मीच होतो." आपले खरे सिद्ध करण्याआधी दुसऱ्याला पार पोचवणे, ही येथे सांगितलेली प्रज्ञा होय.

मूळ हुकूम रद्द करावा, असा अर्ज बोधिसत्त्वांनी त्याच दिवशी राजदरबारी धाडला होता. त्यावर तीन अमात्यांनी एकत्र बसून मुद्रा उमटवायची होती. चौथा अमात्य नेमला जाईपर्यंत तिघे एकत्र बसण्यास तयार नाहीत. अर्ज प्रलंबित आहे.